एकेक, निवड, पाखड

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर आजोबांनी थोरलीला एक कल्पना सांगितली. एखाद्या यादीत तीच वस्तू पुन्हा पुन्हा आली असेल, तर ती एकदाच ठेवायची आणि बाकीच्या गाळायच्या, एवढंच काम करणारं छोटं फंक्शन. थोरली हसली. "आजोबा, हे तुम्ही मागच्या रविवारी सांगितलंत," ती म्हणाली. "त्याच्या आधी पण." धाकटाही हसला.  आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी इकडे ऑक्टोबरचं ऊन किती कडक पडलंय ते सांगायला लागले.

तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. पण डिसेंबरात तुम्ही सोलापूरला याल, आणि त्याआधी तुम्हाला सगळं क्रमाने माहीत असावं, असं मला त्या फोननंतर वाटलं. म्हणून आत्ता लिहिते आहे.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं, शिकवणंही इंग्रजीत झालं, आणि पत्र इंग्रजीत लिहिणं मला सोपं जातं. तरी हे मराठीत लिहिते, कारण ज्या फंक्शनांची ही हकिगत आहे त्यांची नावं मराठी आहेत. ती नावं बदलली तर काय घडलं ते कळणार नाही. वाचताना अडलं तर बाबांना विचारा. त्यांना सगळं माहीत आहे.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत झाली, आणि ती थोरलीनेच करून दिली. तिने कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय घेतला होता. आजोबांनी तिला विचारलं, या वयात शिकता येईल अशी कोणती भाषा आहे का? ती म्हणाली, जावास्क्रिप्ट. वेबसाइटवरचं बटण दाबल्यावर जे काही हलतं ते बहुतेक या भाषेमुळे हलतं, आणि शिकायला साधा ब्राउझर पुरतो. पुढे तिने एक सल्लाही दिला. "मोठं काही करायला जाऊ नका. बारीकसारीक कामांची एक लायब्ररी करा. यादी उलटी करणं, मोजणं, तुकडे पाडणं, असली. तयार मिळतात, पण ती उघडायची नाहीत. स्वतः लिहायची, मोडायची, परत लिहायची."

धाकट्यासाठी सांगते. फंक्शन म्हणजे एका कामाची कृती. एका बाजूने काही द्यायचं, दुसऱ्या बाजूने काही मिळतं. चाळणीत पीठ घातलं की खाली बारीक पडतं, तसं. अशा पुष्कळ लहान कृती एका जागी ठेवल्या की झाली लायब्ररी. आमची लायब्ररी जगाच्या काही उपयोगाची नव्हती. आम्ही दोघांनी शिकावं, एवढ्यासाठीच ती होती.

आजोबांनी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं, मी शाळेत विज्ञान. निवृत्तीनंतर त्यांना फळा उरला नव्हता आणि मला तपासायला पेपर उरले नव्हते. त्यामुळे कामाची वाटणी न बोलताच ठरली. सकाळी ऊन चढायच्या आत ते जेवणाच्या टेबलावर बसून फंक्शन लिहीत, दुपारी मी ते तपासत असे. नियम मी केले. एका फाइलीत एकच फंक्शन. पहिल्या ओळीत कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं. शेवटी एक उदाहरण. मी तपासून बरोबर म्हटल्याशिवाय फाइल मुख्य फोल्डरात जायची नाही.

नावांवरून मात्र भांडण झालं.

"नावं इंग्रजीत ठेवू या," मी म्हणाले. "सगळं जग इंग्रजीतच ठेवतं."

"सगळं जग आपला फोल्डर उघडणार आहे का?" आजोबा म्हणाले.

"वळण चांगलं लागतं म्हणून म्हणते."

"अगं, हे यादी उलटी करतं ना? मग त्याला उलट म्हण की. कॉम्प्युटरलाही कळेल, मलाही कळेल."

जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात हे त्यांनी मला तिथल्या तिथे करून दाखवलं, आणि मी माघार घेतली. मग उलट आलं, मोज आलं, यादी क्रमाने लावणारं रच आलं, यादीचे सारखे तुकडे पाडणारं गठ्ठे आलं. आजोबांचं लहानपण मंगळवेढ्याला ज्वारीच्या रानात गेलं. इतकी वर्षं वर्गात इंग्रजी बोलल्यावर ते जुने शब्द त्यांना परत सापडत होते, आणि त्याचा त्यांना फार आनंद होता. पुढे पुढे तर आधी शब्द आठवायचा आणि मग त्या शब्दाला साजेसं काम ते शोधायचे. ही त्यांची रीत लक्षात ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या घरचे माग होते, घरात तेलुगू बोलतात, आणि जिन्यातून जाताना आमच्या दारात डोकावल्याशिवाय पुढे जात नाहीत. आजोबांना टेबलाशी बसलेलं पाहून त्या म्हणायच्या, "काका, पेन्शन सुरू झाली तरी कॉलेज सुटलं नाही का तुमचं?"

"तुमचे माग बंद झाले तरी खटखट चालूच आहे की," आजोबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचे, आणि वहिनी हसत वर जायच्या.

तो हिवाळा असा चांगला गेला. निदान वरून तरी.

डिसेंबरात त्यांनी एकेक लिहिलं. यादीतली प्रत्येक वस्तू एकदाच ठेवणारं. उदाहरण म्हणून त्यांनी भाजीची पिशवी घेतली होती: वांगी, गवार, वांगी, मेथी, गवार. उत्तर: वांगी, गवार, मेथी. मी तपासलं, बरोबर होतं, फोल्डरात ठेवलं.

काही दिवसांनी निवड आलं. ताटात ज्वारी घेऊन निवडतात, ते निवड. काम एकेकचंच होतं, लिहिण्याची रीत वेगळी होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकच गणित दोन रीतींनी सोडवून बघा, असं आम्ही दोघांनीही मुलांना जन्मभर सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट मनात राहिली. आधीचंच दुसऱ्या रीतीने केलंय, असं काही ते म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "अगं, एक नवी कल्पना सुचली."

संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेने रस्ते भरले होते, म्हणून आम्ही घरातच होतो. तेव्हा पाखड आलं. मी दुपारी फाइल उघडली आणि उदाहरण पाहिलं. वांगी, गवार, वांगी, मेथी, गवार. मी एकेकची फाइल शेजारी उघडून ठेवली आणि दोन्ही वरपासून खालपर्यंत वाचल्या. ओळ न् ओळ तीच होती. नाव तेवढं नवं होतं.

नाव नवं होतं म्हणूनच इतके दिवस ते लपून राहिलं. आम्ही इंग्रजी नाव ठेवलं असतं, तर ते प्रत्येक वेळी एकच सुचलं असतं, आणि दुसऱ्यांदा फाइल ठेवताना कॉम्प्युटरनेच अडवलं असतं की या नावाची फाइल आहे. पण धान्य साफ करायला मंगळवेढ्यात शब्द पुष्कळ होते. प्रत्येक वेळी त्यांना आणखी एक आठवत होता, आणि तो शब्द दर वेळी अगदी नेमका असे.

"हे कसं सुचलं?" चहा देताना मी विचारलं.

"पाखड हा शब्द आठवला. आई सूप घेऊन बसायची ना ओट्यावर. शब्द आला की काम सापडतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "नवीनच आहे. आज सकाळी सुचलं."

 त्यांच्या तोंडून आईचं नाव निघालं, आणि मला जे नको होतं तेच आठवलं.

त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी, शेवटची वर्षं मंगळवेढ्याला माझ्या थोरल्या दिरांकडे होती. तिचं पाण्यापासून सुरू झालं. घरी कोणी आलं की ती पाणी आणून द्यायची. पाहुणा पिऊन भांडं खाली ठेवायचा, ती भांडं आत न्यायची आणि भरून परत आणायची. "घ्या की, उनातनं आलाय." पाहुणा पुन्हा प्यायचा. तिसऱ्यांदा भांडं पुढे आलं की पाहुणा आमच्याकडे बघायचा आणि आम्ही जमिनीकडे. म्हातारं माणूस आहे, असं सगळे म्हणत राहिले. पुढे तिला देवळातून घरी यायची वाट सापडेना. शेवटी एकदा तिने आजोबांनाच विचारलं, तुमी कुणाकडचं पावणं? आणि पाणी आणून दिलं. ते प्यायले.

त्या दिवशी सोलापूरला परत येताना ते एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. बेगमपूरचा पूल मागे पडल्यावर म्हणाले, "माझं असं झालं तर मला सांगायचं."

"काहीतरीच काय बोलता?"

"आईला कोणी सांगितलं नाही. सगळे पाणी पीत बसले, मी पण. तू मला सांगायचं. आधी मला, मग पोरांना."

मी हो म्हणाले. तेव्हा ते फार लांबचं वाटत होतं.

संक्रांतीनंतर मला रोज ते हो आठवत होतं. शाळेत मी पालकांना पुष्कळ नको असलेल्या गोष्टी सांगितल्या होत्या. मुलगा या वर्षी पास होणार नाही, मुलीला नुसता चष्मा पुरणार नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, असं सगळं मी शांतपणे सांगत असे. इथे वाक्य तयार असायचं आणि समोर ते फंक्शन लिहीत बसलेले असायचे, खुशीत, मान जराशी वाकडी करून. मी स्वयंपाकघरात परत जायचे.

दरम्यान पेंढ्या आलं. ज्वारी कापली की पेंढ्या बांधतात, तशा यादीच्या पेंढ्या. म्हणजे गठ्ठे. तेच काम, तेच उदाहरण. मी तपासलं, बरोबर होतं, फोल्डरात ठेवलं. दुसरं काय करणार होते?

आणखी एक गोष्ट बदलली, ती ऐकू यायची. लग्न झाल्यापासून मी त्यांना घरात प्रमाण मराठीतच बोलताना ऐकलं होतं. गावी गेले की तेवढं ते हाय-न्हाय बोलत आणि परत येताना ते तिथेच ठेवून येत. आता सकाळी खोलीतून हाक यायची, "चष्मा कुटं ठिवला गं माझा?" मला ती बोली नेहमीच आवडायची. पण आता ती न बोलावता येत होती, आणि आपण तशी बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं.

उन्हाळा सुरू झाला. सोलापूरचा उन्हाळा तुम्ही फक्त फोटोत पाहिला आहे. दहाच्या सुमाराला आम्ही खिडक्या बंद करून पडदे ओढतो, आणि मग दिवसभर घरात दिवा लागतो. अशाच एका सकाळी ते म्हणाले, "आता एक जरा मोठं लिहितोय. ताळा."

"कशाचा ताळा?"

"सगळ्यांचाच. हे बघ, घरात एकाच कामाची दोन भांडी कशाला? प्रत्येक फंक्शनला त्याच त्या याद्या द्यायच्या आणि सोबत एक आकडा. ज्याला आकडा लागत नाही ते त्याकडे बघत नाही. ज्यांची उत्तरं सगळीकडे सारखी येतील, ती एका गटात टाकायची. मग दुबार कोण आहे ते आपोआप कळेल."

ताळा म्हणजे उत्तर बरोबर आलं का हे दुसऱ्या वाटेने बघणं. आमच्या वेळी गणित सुटल्यावर ताळा केल्याशिवाय मास्तर पाटी बघत नसत.

मी बरं म्हणाले.

त्यानंतरच्या सकाळी मला अजून डोळ्यासमोर दिसतात. ते रोज वरून वाचायला सुरुवात करत. रोज थोडं पुढे सरकत. कधी कालची ओळ पुसून तीच पुन्हा लिहीत. पूर्वी जे एका बैठकीत झालं असतं त्याला किती दिवस लागत होते, ते त्यांना दिसत नव्हतं. मी मागे उभी राहून बघत असे. हे फंक्शन पुरं झालं की काय दाखवणार, ते मला ठाऊक होतं. आणि ते पुरं व्हावं म्हणून ते जीव तोडून काम करत होते. मी मदत केली नाही. अडवलंही नाही.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. "झाला ताळा. ये, बघ."

स्क्रीनवर प्रत्येक फंक्शन आपापल्या ओळीत एकटं उभं होतं. एकही गट नव्हता.

"एकही दुबार नाही," ते म्हणाले. "घर स्वच्छ आहे."

तेवढ्यात वरच्या वहिनी वाटीतून शेंगाची चटणी घेऊन आल्या. आजोबांनी त्यांनाही बातमी दिली. "वहिनी, आमच्याकडे एक भांडं जास्तीचं नाही."

"मग माझ्याकडे या की काका. सासूबाईंची पातेली मोजा. एकाच मापाची एवढी आहेत, काढू म्हटलं तर रडतात."

"आणा खाली. गाळून देतो."

"पातेली गाळता की सासूबाईंना?" वहिनी म्हणाल्या, आणि ते दोघे खूप हसले. मग आजोबांनी विचारलं, "तुमचा नातू आला का पुण्याहून?"

"आला की, परवाच. झोपलाय अजून."

मी वहिनींना चहा दिला. त्यांनी अर्धा कप घेतला असेल, तोच आजोबा म्हणाले, "नातू कधी येतोय पुण्याहून?"

"काका, आत्ता सांगितलं की आलाय म्हणून. सगळं लक्ष त्या कॉम्प्युटरात तुमचं."

जाताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "काकू, काल जिन्यात पण काकांनी दोनदा हेच विचारलं. दमतात का हो?"

"ऊन आहे ना," मी म्हणाले.

दुपारी ते झोपल्यावर मी ताळा तपासायला बसले. चूक लगेच सापडली. ते सगळ्या फंक्शनांना, कशाही क्रमाने, एकामागून एक तीच यादी देत होते. पण आमचं उलट हे दिलेली यादीच उलटी करून टाकायचं, आणि रच तिचा क्रमच बदलायचं. त्यामुळे एकेकला मूळ यादी मिळत होती, निवडला उलटी झालेली, पाखडला आणखी वेगळी. उत्तरं जुळणार कशी? प्रत्येकाला यादीची ताजी प्रत द्यायला हवी होती. एका ओळीचं काम होतं.

ती ओळ घातली नाही तर ताळा कायम हेच सांगणार होता की घर स्वच्छ आहे. तपासणारी मीच होते. मी बरोबर म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं, आणि ते आणखी काही महिने खुशीत राहिले असते. आतल्या खोलीतून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मी पुष्कळ वेळ बसून राहिले. चार वाजता चहा टाकायला उठले तेव्हा ताळ्याची फाइल होती तिथेच होती. मी ती मुख्य फोल्डरात टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "अहो, ताळ्यात एक चूक आहे."

"कुठे?"

"सगळ्यांना एकच यादी देताय. उलट आणि रच ती बदलून ठेवतात. पुढच्याला मूळ यादी मिळतच नाही. प्रत्येकाला नवी प्रत द्या."

त्यांनी वाचलं. "बरोबर," ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट." आणि ती ओळ लिहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा हात कुठे थांबला नाही. एंटर दाबायच्या आधी मात्र त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "उभी का? बस ना."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

वर्गात हजेरी घेतात तसं त्यांनी मोठ्याने वाचलं. "एकेक, निवड, पाखड." मग पुढची ओळ. "गठ्ठे, पेंढ्या."

खाली घंटागाडी आली होती. तिचं गाणं चालू असताना त्यांनी दोन्ही ओळींतली नावं पुन्हा मोजली.

"यातली तुझी कोणती?"

"एकही नाही."

त्यांनी एकेक करून फाइली उघडल्या. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत त्यांचं नाव आणि तारीख होती, माझ्या नियमाप्रमाणे. प्रत्येकीच्या शेवटी भाजीची तीच पिशवी होती. पाखड उघडल्यावर त्यांनी एकेक पुन्हा उघडलं आणि बोट लावून दोन्ही वाचलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"संक्रांतीपासून."

"सांगायचं ठरलं होतं की आपलं."

"हो. रोज ठरवत होते."

"आणि आज चूक दाखवलीस."

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मला संशय होता," ते म्हणाले. "दुपारी फाइल उघडायच्या आधी तू माझ्याकडं बघायचीस. आधी असं कधी करत न्हवतीस. म्हणून तर ताळा लिवला." मग म्हणाले, "नुसतं सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता. ह्याच्याशी काय वाद घालणार?"

"दुबार आहेत ती काढून टाकू का?"

"नको. राहू दे. किती वाढतात ते बघायला पाहिजे."

मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. ती माहिती बाबांकडे आहे, इथे लिहीत नाही. बाबांना आजोबांनी स्वतःच सांगितलं, गेल्या दिवाळीत, शांतपणे, आईचं सगळं सांगून. तुम्हा दोघांनाही आपणच सांगणार, असं ते म्हणाले होते. ते राहून गेलं. आता त्यांना वाटतं की त्यांनी तुम्हाला सांगून टाकलंय. म्हणून तुम्ही हसलात तेव्हा त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं.

ते लिहीत राहिले. दर महिन्याला ताळा चालवायचे आणि मला शेजारी बसवायचे. पहिल्या गटात चाळ येऊन मिळालं, मग वेच, मग सुपात धान्य घोळतात ते घोळ. "आणखी एक," ते म्हणायचे, एखाद्या विद्यार्थ्याचे गुण वाचावेत तसं. त्या वेळी त्यांना सगळं स्पष्ट दिसत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक नवी कल्पना सुचलेली असे.

या पावसाळ्याच्या सुरुवातीला ताळा चालवताना त्यांनी विचारलं, "हा कोणी लिहिला?"

"तुम्ही."

"चांगला लिहिलाय," ते म्हणाले.

आणि श्रावणात एके सकाळी त्यांनी मला बोलावलं. "अगं, एक नवी कल्पना सुचली. घरात एकाच कामाची दोन भांडी कशाला?"

समोर कोरी फाइल होती. वर त्यांनी पडताळा असं नाव लिहिलं होतं. मी खुर्ची घेऊन बसले. जुन्या ताळ्याच्याच वाटेने ते चालले होते, ओळीमागून ओळ, हळूहळू. फंक्शनांना यादी द्यायची ती जागा आली तिथे थांबले. बोटं कीबोर्डवर तशीच होती. पंखा चालू होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुढचं उद्या करू." दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी काही लिहिलेलं नाही. कल्पना मात्र अजून सुचते. ती तुम्ही रविवारी ऐकता.

डिसेंबरात ती तुम्हाला समोर बसून ऐकायला मिळेल, बहुधा रोज. तेव्हा काय करायचं, असं तुम्ही मला विचाराल. तुम्ही कालच सांगितलंत, असं त्यांना सरळ सांगा, थोरलीने सांगितलं तसंच, फक्त हसू नका. त्यांना ते हवं होतं. अजूनही हवं आहे का, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. मी स्वतः कधी सांगते, कधी सांगत नाही. वरच्या वहिनी मात्र प्रत्येक वेळी सांगतात की नातू आलाय, आणि प्रत्येक वेळी थट्टाही करतात. त्या वेळी आजोबा हसतात.

तुमची दोघांची नावं त्यांना येतात. थोरलीला ते कधीकधी आत्याच्या नावाने हाक मारतात, पण चूक लक्षात आली की स्वतःच सुधारतात. स्क्रीनवर एखादी फाइल उघडून दिली तर ते ती वाचतात, आणि ती काय करते हे अगदी बरोबर सांगतात, कोणी लिहिली हे मात्र सांगता येत नाही. लायब्ररीचा फोल्डर कॉम्प्युटरवर आहे आणि त्याची एक प्रत मी बाबांकडे पाठवली आहे. त्यातली एकही फाइल मी काढलेली नाही. पडताळा अर्धा आहे. बाकीची सगळी फंक्शनं चालतात.